एसटीत न नेता येणारा कॉम्प्युटर

डेस्कटॉप घ्यायचा निर्णय मी त्याच्या वजनाकडे बघून घेतला, हे आमच्या घरात अजून कोणाला माहीत नाही. (तुमच्यापाशीच ठेवा.)

आमची सृष्टी कॉम्प्युटरवर घरं बांधते. म्हणजे पाया खणायच्या आधीच मालकाला त्याचं घर आतून-बाहेरून फिरवून दाखवते, फिल्म करून. कॉलेज संपल्यापासून वसमतच्या आमच्या घरात, मधल्या खोलीत बसून, लॅपटॉपवर तिचं हे काम चालू होतं. मग पुण्याच्या एका ऑफिसातून तिला बोलावणं आलं. ती म्हणाली, "बाबा, इथंच काम मिळालं तर मी काहून जाऊ? पण मिळायला पाहिजे ना." तेव्हापासून मला जेवण गोड लागेना. एकुलती एक पोरगी. ती गेली की घरात मी, माझी बायको आणि माझी आई. त्या दोघींचं कशावरही पटत नाही, पण माझ्याबद्दल त्यांचं मत एकच आहे.

नेमके त्याच वेळी हळदीचे आडतवाले गुलाबचंद शेठ बंगला बांधायला निघाले. फिल्म पसंत पडली तर बंगल्याचं काम सृष्टीला, आणि त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या घरांचंही. म्हणजे पोरगी वसमतलाच. अडचण लॅपटॉपची होती. शेठचा बंगला त्याला झेपेना. फिल्म करायला लावलं की तो तापायचा, गिरणीसारखा घरघरायचा आणि मग हळूच कामाचा वेग कमी करायचा.

इथं माझं डोकं चाललं. (ते चाललं की मी घाबरतो, पण तेव्हा एकटाच होतो.) लॅपटॉप पिशवीत घालून पोरगी कधीही पुण्याच्या एसटीत बसू शकते. डेस्कटॉप घेऊन कोण बसतं? मी नांदेडला गेलो आणि दुकानदाराला म्हणालो, "चांगला जड दाखवा." त्यानं ग्राफिक कार्ड कोणतं टाकू म्हणून विचारलं. मी लॅपटॉपच्या स्टिकरचा फोटो दाखवला. त्याच नंबरचं कार्ड त्याच्याकडे निघालं.

घरी आल्यावर बायकोनं, म्हणजे ज्योतीनं, खोक्यावरचा नंबर आणि स्टिकरवरचा नंबर ताडून पाहिला.

"अहो, हे तर तेच कार्ड आहे. घरात असलेलीच वस्तू परत आणली का तुमी?"

मी खोकं उलटंसुलटं करून बघू लागलो. सृष्टीच मदतीला धावली.

"आई, नंबर सारखा असला तरी ताकद सारखी न्हाई. लॅपटॉपमधी जागा थोडी, म्हणून तिथं कार्डाला वीज मोजूनमापून देतात. जास्त तापलं की ते आपोआप दमानं घेतं. टेबलावरच्याला वीज भरपूर, वारा भरपूर. ते पळतं."

"हेच मी दुकानात बोललो," मी म्हणालो.

"पळतं तर पळताना दिसू द्या," ज्योती म्हणाली.

झालं, शर्यत ठरली. शेठ दुपारी फिल्म बघायला येणार होते. शेवटचा तुकडा तेवढा बाकी होता. तो दोन्ही मशीनवर एकदम लावायचा, आणि ज्याचा आधी होईल तो शेठला दाखवायचा.

शेठ जरा लवकरच आले. सृष्टी त्यांना आणायला फाटकाशी गेली आणि मी डेस्कटॉपची बाजूची काच काढून आतलं सामान न्याहाळत बसलो. (मला त्यातलं काही कळत नाही. पण काच काढून बघितलं की माणूस जाणकार दिसतो.) तेवढ्यात आई ताट घेऊन आली.

"विजू, पूजा केल्याबिगर मशीन चालू करायची न्हाई."

आमच्याकडे मोटार असो, ट्रॅक्टर असो की मिक्सर, हळद-कुंकू लागल्याशिवाय बटण दाबत नाहीत. त्यात आमची हळद घरच्या शेतातली. इतर गावच्या बायका ती चिमटीनं वाहतात, माझी आई मुठीनं वाहते.

"यातलं मुख्य सामान कोणतं रे?"

मी कार्डाकडे बोट दाखवलं. त्यावरचे पंखे तेव्हा फिरत नव्हते. मशीन चालू केली तरी कार्ड गार असताना ते थांबलेलेच असतात आणि कार्ड तापल्यावरच फिरतात, हे मला नंतर कळलं. मला वाटलं, ते शोभेला बसवलेत. आईनं कार्डावर भरमूठ हळद वाहिली, हात जोडले आणि म्हणाली, "माझ्या लेकराला यश दे."

शेठ आत आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, वर कडक इस्त्री. घाम पुशीत ते विचारू लागले, वारं कुठं लागंल. मी त्यांना अगदी आदरानं डेस्कटॉपच्या उघड्या बाजूला खुर्ची दिली.

सृष्टीनं दोन्ही मशीन चालू केल्या आणि शेवटचा तुकडा लावला. लॅपटॉप लगेच घरघरायला लागला. डेस्कटॉप गप्प होता.

"याचा आवाजच न्हाई," ज्योती माझ्याकडे बघत म्हणाली.

तेवढ्यात कार्ड तापलं आणि पंखे एकदम फिरायला लागले. त्यानंतर थोडा वेळ आम्हाला एकमेकांची तोंडं दिसली नाहीत. दिसली तेव्हा सगळी पिवळी होती. शेठ डोक्यापासून धोतरापर्यंत नवरदेव झाले होते.

मला वाटलं, संपलं. बंगला गेला, पोरगी पुण्याला गेली. मी लेकीकडे बघायचंही टाळलं. पण शेठनी शांतपणे सदऱ्यावरची हळद बोटावर घेतली, तळहातावर चोळली, वास घेतला आणि आईला विचारलं, "बाई, ही घरची का?"

"घरचीच व्हय. बाजारची कोण देवाला वाहतं?"

"रंग चोख आहे. औंदा सगळी मलाच घाला."

इतक्यात डेस्कटॉपचं काम संपलंसुद्धा. लॅपटॉप अजून शेठच्या बंगल्याच्या जिन्यातच होता. सृष्टीनं पडद्यावरची हळद ओढणीनं पुसली आणि फिल्म लावली. शेठ आपल्या न बांधलेल्या बंगल्यातून फिरून आले. देवघराशी आल्यावर त्यांनी खुर्चीतूनच हात जोडले. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

"पोरी, बंगला तुझाच," ते म्हणाले. "पण एवढी कला हातात असून तू इथं काय करून राहिली? माझा जावई पुण्यात बिल्डर आहे. मी आत्ता फोन लावतो. त्याच्याकडं जा, तुझं भलं होईल."

सृष्टीचा चेहरा असा उजळला की मला पुढचं सगळं कळून चुकलं. तरी मी शेवटचा प्रयत्न केला.

"पण शेठ, हा डेस्कटॉप नेणं होत न्हाई. फार जड आहे."

"मी पोत्यानं हळद पाठवतो देशभर," शेठ म्हणाले. "हा डबा जात न्हाई व्हय?"

"अन् लॅपटॉपवर तिथलं काम निघायचं न्हाई, बाबा," सृष्टी म्हणाली. "ते तर तुमीच सगळ्यांना दाखवून दिलं."

तो डबा पुण्यापर्यंत मी माझ्या मांडीवर नेला. खाली ठेवला तर दणके बसतील, असं सृष्टीचं म्हणणं होतं. गाडी खड्ड्यातून गेली की त्यातून थोडी हळद माझ्या पँटवर पडायची. कंडक्टरनं विचारलं, लग्न कोणाचं. मी म्हणालो, पोरगी चालली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेला. मला त्या हाताचं फार बरं वाटलं.

आता लॅपटॉप घरी असतो. सृष्टीनं तो मला दिला, तिचं तोंड बघायला. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. लॅपटॉप तापतो, घरघरतो आणि तिचं चित्र मध्येच थांबतं. मग मी चिडतो, आणि थोड्या वेळानं थकून गप्प बसतो.

काल ज्योती माझ्या आणि लॅपटॉपच्या समोर चहा ठेवत म्हणाली, "तुमची जोडी जमली बघा. लवकर तापायचं अन् मग दमानं घ्यायचं. नंबराचं स्टिकर तेवढं कपाळावर चिकटवायचं राहिलंय."