डब्यांची अंघोळ

टबात पत्र्याचे हवाबंद डबे बुडवून ती स्वयंपाकघरात येते न येते तोच सासूबाईंनी न्हाणीघरातून हाक मारली, "अगं, पाण्यावर वाटाणे तरंगायला लागलेत!"

ती धावली. तरंगत होते ते वाटाण्याच्या डब्यांवरचे कागद. शेजारी मका, घेवडा आणि टोमॅटो निवांत पोहत होते. तळाशी मात्र चकचकीत, एकसारखे, उघडेबोडके डबे कोण कुणाचा याचा पत्ता लागू न देता बसले होते.

साथ सगळ्यांच्या हात धुऊन मागे लागली होती. ही साथीच्या मागे लागली होती. घरात पिशवी आली की आधी तिला साबण, मग आणणाऱ्याला. दाराच्या कडीला तर इतक्यांदा अंघोळ घडे, की नवरा म्हणायचा, "सर्दी होईल तिला." मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने सामान भरायला घरं शोधली, तेव्हा हिने छातीठोकपणे सांगितलं होतं, "माझ्याकडे पाठवा. इतकं स्वच्छ कुणी देणार नाही."

वस्तीतल्या आईबापांची कामं बंद पडली होती. संस्था घरोघरी धान्य, साबण, औषधं पोचवत होती. पण संस्थेच्या ताईंचा एक हट्ट होता. प्रत्येक घरातल्या मुलाला फोन करून विचारायचं, 'तुला काय हवं?' आणि तो एक डबा खास त्याचा म्हणून पिशवीत टाकायचा. "पोट आपण भरतोच," ताई म्हणायच्या, "पण मागितलेलं मिळालं ना, की पोर कसं ऐटीत चालतं."

हिच्या यादीतल्या एका मुलीचा उद्या वाढदिवस होता. "केक नको मावशी, अननस. गोल चकत्यांचा. मिळेल ना?"

"मिळेल म्हणजे? मी स्वतः ठेवणार!" हिने शब्द दिला होता. आणि त्या सगळ्या ढिगात अननसाचा डबा होता एकच. दुकान दुपारीच बंद झालेलं. गाडी उद्या सकाळी येणार.

"घाबरू नकोस," नवरा खोलीतून बाहेर आला. लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग चालू असल्याने वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफपँट. "शास्त्रीय पद्धतीने शोधू." त्याने डबे फरशीवर घरंगळवून पाहिले. सगळे सारखेच घरंगळले. शास्त्र तिथे संपलं.

सासूबाईंनी एक डबा कानाशी धरून हलवला. "हा बघ, खळखळतोय. रस आहे आत. अननसच!"

उघडला. घेवडा.

"मग हा. हा गप्प बसलाय. चकत्या अडकल्यात आत."

मका.

तिसरा नवऱ्याने उघडला. जरा जोरातच. टोमॅटोची पिचकारी इस्त्रीच्या शर्टावर बसली, आणि नेमकी तेव्हाच आतून साहेबांची हाक आली. तो तसाच पळाला.

"अहो, रक्त? लागलं का कुठे?"

"नाही साहेब, अननस शोधत होतो."

"पुरे आता!" ती ओरडली. "आणखी उघडले तर मुलांना काय आपलं उष्टं पाठवायचं?" तिने मुकाट्याने ताईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

ताईंनी एवढंच विचारलं, "डबे फुटलेत का?"

"नाही."

"मग जाऊ देत तसेच. मुलांना खरं ते सांगू. अननसाचं मात्र तुम्हीच सांगा तिला. शब्द तुमचा होता."

वाढदिवसाच्या पोरीला फोन करून काय सांगणार? मावशीने तुझा अननस धुतला? हातात फोन घेऊन ती आतल्या खोलीत गेली, तर तिची पिटुकली लेक जमिनीवर बसून बाहुलीच्या पाळण्याला झोके देत होती. पांघरुणातून बाहुलीचं डोकं दिसेना. दिसत होता अननसाचा हिरवा शेंडा. छापील.

"अगं, हा डबा तुझ्याकडे?"

"शूऽऽ! झोपलाय तो. तू सगळ्यांना पाण्यात बुडवत होतीस, म्हणून मी याला पळवला."

तिने तो डबा छातीशी धरला. कोरडा, धुळीचा, दुकानातून आला तस्सा. साथ सुरू झाल्यापासून न धुतलेली वस्तू तिने पहिल्यांदाच इतक्या प्रेमाने जवळ घेतली होती.

"याला उद्या एका ताईच्या वाढदिवसाला जायचंय. पाठवायचा ना?"

पिटुकलीने बराच विचार केला. "पाठव. पण साबण लावू नको. डोळ्यांत जातो."

सकाळी गाडी गेली. उघडलेल्या तीन डब्यांच्या जागी घरातली बिस्किटं गेली. घेवडा, मका आणि टोमॅटो जेवणात जिरले. दुपारी फोन वाजला. पलीकडे पोरांचा नुसता कल्ला.

"मावशी, सगळे आपापल्या दारात बसलेत! डबा हलवायचा, ओळखायचं आणि मग उघडायचा. शेजारच्याने पैज लावून मका सांगितला, निघाला वाटाणा!"

"आणि तुझा अननस? मिळाला ना?"

"मिळाला. चकत्या एकदम गोल." मग आवाज जरा हिरमुसला. "पण माझ्या एकटीच्याच डब्याला कागद होता, मावशी. मला आधीच कळलं, मग मी काय ओळखणार? पुढच्या वेळी माझाही धुवा ना!"