उगोलिनोच्या उड्डाणाची नियमावली

एखादी गोष्ट करता येते की नाही हे पाहण्याआधी ती करायला परवानगी आहे की नाही हे पाहणं, हे सुधारलेल्या समाजाचं पहिलं लक्षण. या बाबतीत इटलीच्या तोस्काना प्रांतातलं आमचं मोंतेरुव्हो गाव फार पूर्वीच सुधारलेलं आहे. इथल्या दप्तरखान्यात मी एकतीस वर्षं काम करतोय, त्यामुळे हे अभिमानाने सांगतो, आणि कुणाला शंका असेल तर कागद दाखवतो.

१४८३ साली उगोलिनो नावाच्या आमच्या सुताराने माणसाला उडवणारं यंत्र केलं. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि दोन्ही हातांनी हलवायचे पंख. एका पहाटे त्याने घंटेच्या मनोऱ्यावरून उडी घेतली, नान्नी खाटकाच्या छपरावरून गेला आणि गावाबाहेरच्या द्राक्षमळ्यात उतरला. पाहणारा एकटा नान्नी. (द्राक्षांनी तक्रार केली नाही, मळेवाल्याने केली.) उगोलिनोची इच्छा साधी होती. एकदा, दिवसाढवळ्या, सगळ्या गावादेखत दरीपलीकडे उडायचं. वय चौतीस. दंडात ताकद होती तोवरच जमणारं काम, म्हणून त्याला घाई होती. घाई असलेल्या माणसाचा अर्ज आला की आमच्या कचेरीत फार उत्साह संचरतो.

त्या काळी गावाचा कारभार नऊ जणांचं मंडळ पाही. पिशवीतून चिठ्ठ्या काढून नऊ नावं निवडायची, त्यांनी दोन महिने राज्य करायचं, मग पुन्हा पिशवी. कुणी शिरजोर होऊ नये म्हणून ही व्यवस्था. कुणी शिरजोर झालं नाही हे खरं, पण कुणाला काही कळलंही नाही. दर दोन महिन्यांनी उगोलिनो नव्या नऊ जणांपुढे उभा राही आणि पंख म्हणजे काय इथपासून सुरुवात करी. अकरा वर्षांत सहासष्ट मंडळं, म्हणजे पाचशे चौऱ्याण्णव सभासद (पैकी एकशेबारा झोपलेले). त्यांच्यापैकी एकानेही नकार दिला नाही, हे मुद्दाम नमूद करतो. प्रत्येक मंडळ अर्जाचं तोंडभरून कौतुक करी आणि जमल्यास एखादी अट घालून घरी जाई.

कातडी कमावणाऱ्यांच्या संघाचा अधिकार वेशीपर्यंतच चाले. कातडं हवेत गेलं तर त्याची जबाबदारी कुणाची, असा पेच पडला. म्हणून उडणाऱ्याने जोडे आणि कमरेचा पट्टा खाली काढून ठेवावा असं ठरलं. विहिरींच्या देखरेखदारांनी पाणी वर न्यायला बंदी केली, कारण ते सांडलं तर बायका पाऊस समजून वाळत घातलेले कपडे उगाच काढतील. कोंबडीवाल्यांच्या आग्रहावरून उडणाऱ्याला हात वर करायला लावून, अंगावर पिसं लपवलेली नाहीत ना, हे चाचपून पाहायचं ठरलं. पिसं सापडली तर तो पक्षी ठरतो, आणि पक्ष्यांना नियम वेगळे. कागदावरचं नाव बाप्तिस्म्याच्या वहीतल्या नावाशी अक्षरन्अक्षर जुळलं पाहिजे. उडणारा एकच असला तरी रांग लावावी, आणि ती दोऱ्या बांधून नागमोडी करावी. शिवाय त्याने तीन तास आधी यावं. का यावं, हे नोंदलेलं नाही. (मी शोधतोय.)

नवव्या वर्षी पिशवीतून खुद्द नान्नीचं नाव निघालं. आता सुटलो, असं उगोलिनोला वाटलं.

"अरे नान्नी, तू तर डोळ्यांनी पाहिलंयस. तुझ्या छपरावरून गेलो मी."

"ते खाटीक म्हणून पाहिलं," नान्नी म्हणाला. "इथं मी मंडळाचा माणूस म्हणून बसलोय. तेव्हा पहिल्यापासून सांगा. पंख म्हणजे नेमकं काय?"

उगोलिनोने पहिल्यापासून सांगितलं. त्याची बायको तेस्सा फटकळ होती. भर बाजारात तिने नान्नीला विचारलं, की घरी जेवताना तो कोण म्हणून जेवतो. नान्नीने प्रश्न लेखी मागितला.

अखेर १४९४ च्या जत्रेला परवानगी मिळाली. उगोलिनो पंचेचाळीस वर्षांचा झाला होता आणि त्याचा उजवा खांदा धरला होता. तो तीन तास आधी आला, एकटाच नागमोडी रांगेतून चालला, पाणी ओतून दिलं, हात वर केले, जोडे आणि पट्टा काढून दिला आणि मनोरा चढला. कठड्यावर उभं राहिल्यावर अडचण लक्षात आली. पंख हलवायला दोन हात लागत होते आणि एका हाताने विजार धरली होती.

मंडळाने तातडीने बैठक घेतली. पट्टा परत मिळण्यासाठी अर्ज करता येईल, मात्र तो पुढच्या मंडळाकडे, असा निरोप वर गेला. उगोलिनो आपल्या दंडांकडे बघत राहिला. पुढच्या मंडळापर्यंत ते टिकणार नाहीत, हे त्याला आणि तेस्साला दोघांनाही माहीत होतं.

"अहो, सोडा ती विजार," तेस्साने खालून हाक दिली. "मी सगळं बघितलेलंच आहे."

त्याने सोडली.

आमचं गाव अतिशय सभ्य. चार हजार दोनशे माणसांनी एकदम डोळे झाकले, मंडळाने तर एकमताने. (काही बायकांनी बोटांच्या फटीतून पाहिल्याचा संशय आहे, पण फटीतून पाहिलेलं पुराव्यात धरत नाहीत.) डोळे उघडले तेव्हा मनोरा रिकामा होता. वहीत नोंद आहे: 'उड्डाण झाल्याचे कोणीही पाहिले नाही. विजार जमा.'

तेस्सा म्हणाली, "मी पाहिलंय. पार दरीपलीकडे गेले. पोरासारखे हसत होते." पण नवऱ्याच्या बाजूने बायकोची साक्ष आमच्याकडे चालत नसे. तिने सही करून जोडे आणि पट्टा ताब्यात घेतला आणि दरीला वळसा घालून चार तासांची वाट चालू लागली. दोघंही परत आले नाहीत. त्या पानावर तिची सही फार घाईत केलेली दिसते, आणि ती पाहून मला दर खेपेला वाईट वाटतं.

यंत्राचे आराखडे नान्नीने मांस गुंडाळायला वापरले. नियमावली मात्र सुंदर अक्षरात शाबूत आहे, आणि तिच्या नकला दूरदूर गेल्या. त्यामुळे पुढे जगाला विमान नव्याने शोधावं लागलं, नियम मात्र आयते मिळाले.

आता तुम्ही हसताय. हसा. मागच्या खेपेला विमानतळावर तुम्हीही तीन तास आधी पोहोचलात, नागमोडी दोऱ्यांतून चाललात, बाटली मुकाट्याने रिकामी केलीत, हात वर केलेत आणि अनवाणी, एका हाताने पँट सावरत उभे राहिलात. का म्हणून, हे कुणालाही विचारलं नाहीत. पट्टा कुठल्या ट्रेमध्ये ठेवायचा, तेवढं विचारलंत. उगोलिनोने निदान विजार सोडली होती.