डावीकडून धर्माजी, उजवीकडून इंदुबाई

"या वेळी एक रुपया कमी करणार नाही!" प्रणयने सकाळीच जाहीर केलं. मिनल भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. हे वाक्य ती लग्नापासून ऐकत आली होती.

भाईंदर पूर्वेला प्रणय नजरेला फसवणारी चित्रं करून द्यायचा. त्याने जमिनीवर खड्डा रंगवला तर म्हातारी माणसं वळसा घालून जायची. हात सोन्याचा, पण भाव सांगायची वेळ आली की जीव नकोसा व्हायचा. त्याला घासाघीस येत नव्हती असं नाही, तिचा कंटाळा यायचा.

दुपारी गोडदेवहून रघू आला. वडिलांच्या, धर्माजींच्या, वर्षश्राद्धाला फोटो हवा होता. प्रणयने नमुना दाखवला. कागदाला उभ्या चुण्या, प्रत्येक चुणीच्या एका अंगावर एक चेहरा, दुसऱ्या अंगावर दुसरा.

"डावीकडून बाबा, उजवीकडून आई!" रघू खूश. "कितीला?"

"पंधरा हजार."

"पंधरा? अहो, फ्रेम एक, खिळा एक! एका वेळी माणूसही एकच दिसणार. मग दोघांचे पैसे कसले?"

याला उत्तर होतं. पण ते द्यायचं म्हणजे पुन्हा अर्धा तास बोलायचं! "द्या नऊ," प्रणय म्हणाला.

संध्याकाळी मिनल एवढंच बोलली, "पुढच्या ऑर्डरला भाव पाडलास तर ब्रश माळ्यावर. दिपेशदादाच्या दुकानात मोबाइलला काचा चिकटवायला बसायचं. मी दादाला सांगून ठेवलंय."

म्हणून श्राद्धाच्या दिवशी, नवं गिऱ्हाईक भेटेल या आशेने, बिचारा प्रणय गोडदेवला गेला. रघूने डावीकडे उभं राहून फ्रेमला झेंडूचा जाडजूड हार घातला. धर्माजी काय शोभून दिसले! पण घराचा दरवाजा होता उजवीकडे!

पहिली आली रघूच्या आईची, इंदुबाईंची, बहीण, वरसाव्याची शेवंतीमावशी. उंबऱ्यात पाय ठेवला, समोर बघितलं आणि हातातली पिशवी गळाली.

"आगो माजे बाय! परवा तं फोनवर बोललीस गो! मना कुनी सांगला बी न्हाय!"

मागून येणाऱ्यांनी हार बघितला, मावशी बघितली आणि तेही सुरात सूर मिळवून रडू लागले. कुणीतरी दारातूनच फोटो काढून ग्रुपवर टाकला. श्रद्धांजल्यांचा पाऊस सुरू!

रघू धावला. "मावशी, आई हाय! आई हाय!"

"हाय रं बाला, आता फोटूतच हाय!" मावशीने त्याला कुशीत ओढलं.

एवढ्यात हातात झारा घेऊन इंदुबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "कोन गेला?"

मावशीने अशी किंकाळी फोडली की दोन पाहुणे चपला हातात घेऊन थेट रस्त्यावर! प्रणयला धरणीने पोटात घ्यावंसं वाटलं. पण इंदुबाईंना सगळं कळलं तेव्हा त्या रागावल्याच नाहीत. रघूचा मोबाइल घेऊन खुर्चीत बसल्या आणि एकेक श्रद्धांजली वाचू लागल्या. "या मंदानं नुसते हात जोडलेत. दोन सबूद लिवायला काय झाला व्हता?"

प्रणय गुपचूप सटकला. फाटकाशी शेवंतीमावशीने गाठलंच.

"माजाबी फोटू कर. हारासकट."

"अहो मावशी, तुम्ही तर चांगल्या धडधाकट..."

"हिच्यासाठी येवरी मानसा रडली! माज्यासाठी कोन रडतंय त्या मना जितेपनी बगायचा हाय. किती?" विचारता विचारता मावशीने कमरेची डबी उघडली.

प्रणयने छाती भरून श्वास घेतला. "पंधरा हजार!"

मावशीने तोंड मिटलं ते मिटलंच. रस्त्याकडे बघत उभी राहिली.

"बारा द्या."

मावशी गप्प.

"दहा! मावशी, शेवटचं सांगतो, दहा!"

मावशी सावकाश गटारापाशी गेली, थुंकली आणि पदराने ओठ पुसत परत आली.

"मिसरी व्हती रं तोंडात, बोलू कशी? पंधरा कबूल हाय म्हनाचा व्हता. आता तूच दहा म्हनतंस, तं दहा."