चौथा खिळा

घराण्याची ओळख आधी करून द्यावी, माणसाची मागून. उलट केले की माणूस उगाच मोठा वाटू लागतो. दशरथ परबांनी कुडाळच्या बाजारात बैलगाडी हाकली. त्यांचे पुत्र सीताराम यांनी परळच्या गिरणीची लॉरी चालवली. सीतारामांचे चिरंजीव देवदत्त यांनी तीस वर्षे दहा चाकांचा ट्रक चालवला आणि कोणाच्या कुंपणाला कधी खरचटू दिले नाही. नाहूरच्या घरात भिंतीवर दशरथांच्या गाडीचा पितळी बिल्ला आणि पुढच्या दोघांचे परवाने चौकटीत बसवून ओळीने टांगलेले. शेजारी चौथा खिळा. तो देवदत्तांच्या मुलाने, नंदकुमारने, स्वतःच ठोकून ठेवला होता.

“इथे ट्रेलरचा परवाना लागणार!” तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. “रिव्हर्स आमच्या रक्तात आहे!”

खिळ्याला एकच अडचण होती. त्याच परीक्षेचा अर्ज नंदकुमारच्या बायकोनेही भरला होता! सुलक्षणा अकरा वर्षे मुलुंडमध्ये शाळेची बस चालवत होती आणि तिच्या बसमध्ये मुले वांती करीत नसत. चालकाला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

वीस वर्षांपूर्वी मात्र हीच सुलक्षणा मोटारीच्या पहिल्या परीक्षेत नापास झाली होती. “नापास माणूस परबांच्या गाडीत बसत नाही!” असे म्हणून नंदकुमारने तिला परीक्षेच्या मैदानापासून नाक्यापर्यंत भर उन्हात चालायला लावले आणि स्वतः गाडीतून पुढे गेला. नाक्यावर मोठ्या मनाने एक पेला कोकम सरबत पाजले. त्याच्या मते प्रकरण तिथेच मिटले. तिच्या मते काय झाले, हे विचारायचे त्याला आजवर सुचले नव्हते.

ट्रेलर मागे नेणे म्हणजे रुसलेल्या जावयाला मांडवात परत आणणे: उजवीकडे ओढावे तर डावीकडे जातो! सुलक्षणाने दोन काडेपेट्या सेफ्टी पिनेने जोडल्या आणि ओट्यावर, पोळ्या करता करता, त्या मागे ढकलायचा सराव सुरू केला.

“खेळ मांडलायस?” नंदकुमार हसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो स्वतः त्याच काडेपेट्या घेऊन बसला. तिसऱ्या वळणाला उपम्याचे पातेले खाली गेले.

“मांजर आली होती,” तो म्हणाला.

“मिशा होत्या का रे तिला?” आतून त्याच्या आईने, द्रौपदीबाईंनी, विचारले.

मैदानावर शिकवायला कासमभाई उस्ताद होते. त्यांनी पंधरा दिवसांत सुलक्षणाला सात वेळा शाब्बास म्हटले. नंदकुमारने मोजले होते. त्याला एकदाच म्हटले, तेही गाडी बंद केल्यावर.

“तिला ट्रेलर लहान देता तुम्ही!” तो एकदा चिडून म्हणाला.

“अरे नंदूभाई, अपने पास ट्रेलर एकच है!”

परीक्षेच्या दिवशी द्रौपदीबाई दोन हार घेऊन मैदानावर आल्या. हातात स्टिअरिंग घेण्यापूर्वी गाडीला हार घालायचा, ही परबांची रीत, बैलांच्या काळापासूनची. नंदकुमारने दोन्ही हार डोळ्यांनी तोलले. सुलक्षणाचा बोटभर जाड होता!

“आई, तिला मोठा?”

“फुलवाल्यान् दिलेत तसे आणलंय. तुका काय तराजू होयो?”

त्याने ऐकले नाही. तडक बाजार गाठला आणि कोण्या मोठ्या सत्काराची ऑर्डर रद्द झाल्याने पडून राहिलेला झेंडूचा हार घेऊन आला. तो उचलायला दोन माणसे लागली.

“मेल्या, हार की अजगर?” द्रौपदीबाई म्हणाल्या.

पहिली पाळी सुलक्षणाची. तिने आपला हार पुढच्या जाळीला लावला, हात जोडले आणि लगेच काढून सासूच्या हाती दिला. मग तो चाळीस फुटी ट्रेलर खांबांच्या मधून असा मागे नेला, की पाळण्यातले मूलही जागे झाले नसते. निरीक्षक साहेबांनी कागदावर खूण केली आणि मान डोलावली. ती मान नंदकुमारच्या काळजात रुतली.

त्याने आपला अजगर एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंत, दोन्हीकडे दोन वेढे देऊन बांधला.

“हार काढताय ना?” साहेबांनी विचारले.

“साहेब, आमच्यात तो शुभ असतो!”

“बघा बुवा. तुमची परीक्षा आहे.”

गाडी हलताच हारही हलला. वेढे घसरले आणि दोन्ही आरसे झेंडूने भरून गेले. थांबून हार काढता आला असता. पण खाली सुलक्षणा उभी होती, आणि तिच्या हार काढण्याचा कित्ता गिरवण्यापेक्षा नंदकुमारने रक्तातल्या रिव्हर्सवर भरवसा ठेवला.

“डावीकडे! अहो, डावीकडे!” सुलक्षणा ओरडली.

तिने सांगितले म्हणून त्याने उजवीकडे नेले! ट्रेलर कात्रीसारखा मिटला आणि त्याची शेपूट साहेबांच्या कापडी मांडवात शिरली. साहेबांनी वयाला न शोभणारी उडी मारली. मागे राहिलेली प्लास्टिकची खुर्ची पापडासारखी मोडली. क्षणभराने मांडवाचे कापड डोक्यावर घेतलेले साहेब, नव्या नवरीसारखे, केबिनखाली आले.

“मागचं काय दिसत होतं तुम्हाला?”

“झेंडू, साहेब.”

निकाल सांगायची गरज उरली नाही. खुर्चीची भरपाई करून, अंगावरच्या पाकळ्या झटकीत नंदकुमार घरच्या व्हॅनपाशी आला. सुलक्षणा स्टिअरिंगवर बसली होती. शेजारी सासूबाई, मांडीवर दोन हार. त्याने दाराला हात लावला. दार आतून बंद!

“अहो,” सुलक्षणा गोड आवाजात म्हणाली, “नापास माणूस परबांच्या गाडीत बसत नाही.”

“आई, बघ ना ही!”

“माका काय सांगतंस? नियम तुझोच.”

व्हॅन निघून गेली. नंदकुमार भर उन्हात नाक्यापर्यंत चालला. वाटेत त्याला प्रथमच कळले, की हे अंतर गाडीतून दिसते त्याच्या चौपट आहे. नाक्यावर व्हॅन उभी होती, आणि सुलक्षणा हातात कोकम सरबताचा पेला घेऊन.

त्याने एका दमात पेला रिकामा केला. पेला तिच्या हातात परत दिला. मग म्हणाला, “तो खिळा... जरा उंच ठोकलाय मी. तुझा हात पुरणार नाही. मी लावून देईन.”

सुलक्षणाने दार उघडले. “बसा.”

बसता बसता तो पुटपुटला, “साखर कमी होती गं सरबतात.”

“तेव्हाही कमीच होती,” ती म्हणाली, आणि तिने गाडी सुरू केली.