तांदूळबंदी आणि समोरच्या संस्थानाची वाटी

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न असो; प्रसन्न नसल्यास निदान रुष्ट तरी नसो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक मासी एका राज्यात वर्तमान जाहले, ते जसे कानी आले तसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, आणि लिहिणाराची मती बेताची, सबब उणे असेल ते वाचणारांनी पुरते करावे. राज्य तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक मुदपाकखाना, इतकेच. राज्यकर्त्या चारुशीलाबाई, यजमान बोटीवरील चाकरीस, वर्षातून दोन महिने काय ते दर्शन, आणि राजकन्या केतकी, वय वर्षे नऊ. बाईंनी पहाटे उठावे आणि दोन डबे भरावे, मग कचेरीची बस धरावी, मग संध्याकाळी परतून गृहपाठ घ्यावा आणि पुन्हा चुलीपुढे उभे राहावे, ऐशी रोजची दौड. ऐशात राजवैद्यांनी रक्त तपासून आज्ञा केली की, "तीन महिन्यांची सरासरी साखर सहा पूर्णांक नऊ आहे. भात, पोळी, बटाटा, गोड, सगळं आवरा. तीन महिन्यांनी बघू. साडेसहाच्या खाली आली तर ठीक, नाही तर गोळी सुरू." बाईंच्या मातोश्रींची नजर याच दुखण्यात गेली होती, ते बाईंनी डोळ्यांदेखत पाहिले होते, म्हणोन बाईंनी तो कागद घडी घालून पिशवीच्या तळाशी घातला, आणि तशाच निघाल्या, कारण केतकीस शाळेतून आणावयाची वेळ जाहली होती.

त्याच संध्याकाळी राज्यात तांदूळबंदी जारी जाहली. केतकीस तिच्या पोळ्या पूर्ववत, परंतु बाईंच्या ताटातून भात हद्दपार जाहला आणि त्याच्या गादीवर फुलकोबी बसविली गेली. तिची रीत ऐशी की, रविवारी दोन गड्डे किसून डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावे, आणि सकाळी कढईत तेल, मोहरी, जिरे, मिरची, कढीपत्ता, मग तो कीस, मोठ्या आचेवर पाच मिनिटे, आणि झाकण ठेवू नये. पहिल्या स्वारीत बाईंनी झाकण ठेविले आणि लगदा जाहला. केतकीने त्यात चमचा उभा करून पाहिला, तो उभाच राहिला. ती बोलिली, "आई, हा भात आहे की हस्तकलेची खळ?" दुसऱ्या स्वारीत झाकण काढिले आणि जय जाहला. मग पनीरची भुर्जी आली, अंड्याची पोळी आली, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आली, आणि अर्ध्या तासात सर्व सिद्ध होऊ लागले. मुदपाकखाना जिंकला ऐसे बाईंस वाटले. लिहिणारासही तसेच वाटले होते, परंतु लिहिणारास पुष्कळ वेळा चुकीचे वाटते.

कारण समोरच्या दारी मालनकाकूंचे संस्थान होते. काकू एकट्या, वय एकोणसत्तर, आणि हात मोठा गोड. दर तिसऱ्या दिवशी त्यांची वाटी येई. कधी शिरा, कधी साखरभात, कधी बेसनाचे लाडू. आणि दारात म्हणत, "घे गं चारू, गरम आहे तोवर खा. केवढी धावतेस! आरशात बघतेस तरी का?" आलेली वाटी नाकारता येत नाही आणि गेलेली वाटी रिकामी जात नाही, हा त्या मुलखाचा कायदा. दुखणे सांगावे, तर काकूंच्या कानी पडलेले तळमजल्यास चहाच्या आत कळे. म्हणोन बाई उभ्या उभ्या चमचाभर चाखीत, आणि चमच्याचा तळ काही लागत नसे. दीड महिन्याने बाईंनी गुपचूप रक्त दाखविले, तो आकडा सहा पूर्णांक आठ. त्या रात्री बाईंनी निश्चय केला की, वाटी केतकीने कचेरीच्या डब्यात भरावी, बाईंनी झाकण न उघडता सहकाऱ्यांस वाटावी, आणि परत जाताना वाटीतून आपलेच पदार्थ धाडावे. मग एकदा कोबीचा भात गेला, मग दुधीचा कीस गेला, मग नुसतीच परतलेली मेथी गेली.

काकूंनी त्या वाट्या पाहिल्या आणि त्यांचे काळीज फाटले. भाताऐवजी कोबी किसून खातात, पोळी तर नाहीच, तेव्हा बोटीवरून पैका येणे थांबले, ऐसा त्यांनी अर्थ काढिला. मग तळमजल्यावर बायांची मसलत जाहली आणि पौष मासी एका रविवारी काकू दहा किलो तांदूळ, पाच किलो कणीक, गुळाची ढेप आणि मागे चार बाया घेऊन दारी उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "लाजू नकोस, चारू. दिवस फिरतात. पोरीला कोबीवर नको वाढवूस."

 तोच केतकी पुढे येऊन बोलिली, "काकू, आम्ही गरीब नाही. आईला साखर झालीय. तुमचा शिरा तिच्या ऑफिसातले लोक खातात."

 काकूंनी चार बायांस खाली धाडिले, आत येऊन दार ओढून घेतले आणि हळूच विचारिले, "किती आहे?"

"सहा आठ."

"एवढ्यावर एवढा धीर सोडलास? मला बारा वर्षं आहे."

"काकू! आणि हे लाडू?"

"अगं, हात थांबत नाहीत. चाळीस वर्षं सणाला पन्नास पानांचं करायचे मी. केलेलं घरात राहिलं तर मीच खाणार, म्हणून तुझ्याकडे ढकलत होते. आणि सांगू कुणाला? कळलं की हळदीकुंकवाला आपल्या ताटलीत काकडी येते."

"म्हणजे तुम्ही मला—"

"मारत होते, हो. आता रडू नकोस, मला पण येईल."

मग दोघी रडल्या आणि मग हसल्या, आणि तह जाहला. तांदूळ, कणीक आणि गूळ काकूंनी ओळखीच्या अनाथाश्रमास पावते केले. पुढे वाट्या चालूच राहिल्या, परंतु त्यांत टोमॅटोचे सार, पालकाची ताकातली भाजी, भरली ढोबळी मिरची ऐसे येऊ लागले. काकूंच्या हातास काम मिळाले आणि बाईंस संध्याकाळी बसावयास पाट मिळाला. माघ मासी दोघी वैद्यांकडे गेल्या. बाईंचा आकडा सहा पूर्णांक चार निघाला. बाईंनी तो कागद दोनदा वाचिला, मग केतकीकडून मोठ्याने वाचविला. काकूंचा आकडा नऊ निघाला आणि वैद्यांनी चष्मा काढिला. काकू बोलिल्या, "मला रागावू नका, डॉक्टर. मी फक्त मीठ बघायची." वैद्यांनी विचारिले, "लाडवात मीठ?" तेव्हा बाईंनी काकूंचा हात धरिला आणि बोलिल्या, "तीन महिने द्या, डॉक्टर. यांचं ताट आता माझ्याकडे."

एकूण वर्तमान इतके. राज्य तगले, गोळी टळली, समोरच्या संस्थानाची लढाई राज्याने आपल्या शिरी घेतली. आणि या सर्व युद्धात रक्त सांडले ते तपासणीच्या नळीपुरते.