सिल्वीबाई शाळा बघायला निघतात

"आधी फोन केल्याबिगर कुणाच्या दारात जायचं नाय," असं सिल्वीबाईंना बजावून आप्पासाहेबांनी खिशातून मोबाइल काढला. सगळं बिघडलं ते इथेच, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आप्पासाहेब मूळचे गंगापूरचे. ऊस गावाकडे आणि बंगला शहरातल्या चिकलठाण्याला, असा त्यांचा सुखाचा संसार. बंगल्याच्या वरच्या मजल्यावर वर्षभरापासून एक फ्रेंच कुटुंब भाड्याने राहत होतं. मार्कसाहेब जवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या पत्नी सिल्वीबाई फ्रान्समध्ये एका प्रयोगशाळेत चीज तपासायच्या. इथे तपासायला चीज नसल्यामुळे त्या खाली आप्पासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागल्या आणि तिथेच मराठी शिकल्या. त्यामुळे त्यांचं मराठी पक्कं गंगापूरचं होतं. आठ वर्षांची जान आणि सहा वर्षांचा लुई ही त्यांची मुलं. त्यांचा अभ्यास वर्षभर घरीच कसाबसा चालला होता.

आता मार्कसाहेबांच्या कंपनीने कळवलं होतं, की जूनपासून मुलं फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही शिकवणाऱ्या शाळेत गेली पाहिजेत. तशी शाळा नसेल तर बायकोमुलांनी मायदेशी परतावं आणि साहेबांनी पुढची तीन वर्षं इथे एकट्याने काढावीत. सिल्वीबाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं. द्वारकाबाईंनी तर सरळ सांगून टाकलं, "पोरं गेली तर मला हे घर खायला उठंल."

शोध घेतल्यावर शहरात पाटीवर 'फ्रेंच' लिहिलेल्या तीन शाळा सापडल्या. सिल्वीबाईंना इमारतीशी देणंघेणं नव्हतं. वर्गात पोरं प्रश्न विचारतात का, एखाद्याचं चुकलं तर बाकीची हसतात का, सर काय करतात, याचं त्यांना मोठं कुतूहल होतं. "मला नुसतं मागं बसून बघायचं हाये," त्या म्हणाल्या.

"परदेशातली बाई चोरासारखी मागं बसणार? माझी काही इज्जत?" म्हणत आप्पासाहेबांनी फोन लावला.

पहिली शाळा छावणीच्या बाजूला. संस्थेचे अध्यक्ष दूध संघापासूनचे आप्पासाहेबांचे स्नेही. फाटकातच लेझीम पथक उभं होतं. वर फलक होता, 'फ्रान्सच्या थोर शिक्षणतज्ज्ञ मा. सौ. सिल्वीताई मार्कराव यांचे हार्दिक स्वागत'. काही कळायच्या आत बाईंच्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ आला. मग प्रास्ताविक झालं, परिचय झाला, आणि ज्यांना बोलायचं नव्हतं तेही बोलले. बाईंनाही 'दोन शब्द' बोलावे लागले. त्या म्हणाल्या, "मला वर्ग बघायचा हाये." यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

नंतर अध्यक्षांनी त्यांना सगळी शाळा हिंडवून दाखवली. वर्ग स्वच्छ होते आणि रिकामेही होते, कारण बाईंच्या स्वागतासाठी सगळी पोरं सकाळपासून मैदानात बसवलेली होती.

"फ्रेंचचे सर कुठं हायेत?" बाईंनी विचारलं.

"आज नेमके रजेवर गेले बघा."

परतीच्या वाटेवर सिल्वीबाई मांडीवरचा नारळ सांभाळत म्हणाल्या, "आप्पा, मी शिक्षणतज्ज्ञ कधी झाले?"

"मी तसं बोललोच नाय. फ्रान्सच्या बाई शाळा बघायला येणारेत, एवढंच म्हणलो."

"मंग?"

"अहो बाई, आपल्याकडं शाळा माणसाला बघती. आईबापाची मुलाखत घेती. शाळा बघायला जो येतो, तो साहेबच असतो."

सिल्वीबाईंना ही माहिती इतकी नवीन होती, की घरी पोचताच त्यांनी ती वहीत लिहून ठेवली.

दुसऱ्या शाळेला फोन करताना आप्पासाहेबांनी काळजी घेतली. "सत्कार बिलकुल नको. बाईंना आवडत नाय. सगळं साधेपणानं होऊ द्या." पण तिथल्या अध्यक्षांचा अनुभव दांडगा होता. सत्कार नको म्हणणारा माणूस एकतर संत असतो, नाहीतर तपासणीला आलेला असतो. त्यांनी दोन्हीची तयारी ठेवली. संतासाठी नारळ ठेवला आणि शाल वगळली. तपासणीसाठी रातोरात भिंती रंगवल्या.

इथे वर्ग मात्र भरलेला होता. सिल्वीबाई आनंदाने मागच्या बाकावर जाऊन बसल्या, तर पाठीला ओला रंग लागला. वर्गाच्या बाईंनी फळ्यावर गणित घातलं की तिसरीच्या वर्गातले सगळे हात एकदम वर जात आणि उत्तर बरोबर येई. सिल्वीबाई कौतुकाने बघत राहिल्या. मग त्यांचं लक्ष शेजारच्या विद्यार्थ्याकडे गेलं. त्याचे गुडघे बाकात मावत नव्हते आणि त्याला मिसरूड फुटलं होतं.

"तू कितवीत हायेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"नववीत. आजच्यापुरता तिसरीत."

फ्रेंचचे सर इथेही रजेवर होते. निघताना मात्र एका बातमीदाराने बाईंचा फोटो काढून घेतला.

"तुमचा फोन ठिवा घरी," तिसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी नवऱ्याला सुनावलं. "कुणाला काय कळवायचं नाय. आम्ही रिक्षानं जातो." हा बेत खरोखर चांगला होता. पण त्याच सकाळी पेपरात फोटो छापून आला होता आणि खाली मथळा होता, 'शहरात लवकरच फ्रेंच शाळा? सिल्वीताईंची पाहणी सुरू'. तिसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिका तोच पेपर हातात घेऊन फाटकापर्यंत आल्या. फाटक त्यांनी उघडलं नाही.

"मॅडम, आमची शाळा विकायची नाहीये," त्या अतिशय नम्रपणे म्हणाल्या.

"आम्हाला पोरं घालायची हायेत," द्वारकाबाई कळवळून बोलल्या.

"ज्यांची स्वतःची शाळा येतेय, त्या आमच्याकडे पोरं कशाला घालतील?" हे ऐकून दोघी माघारी रिक्षात बसल्या. रिक्षावालासुद्धा विचारात पडला.

संध्याकाळी एक सडपातळ गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. "मी कारभारी सर," ते खाली बघत म्हणाले. "तिन्ही शाळांत फ्रेंच मीच शिकवतो, आठवड्याला एकेक तास."

"तुम्ही रजेवर का होते?" सिल्वीबाईंनी विचारलं.

"तुमच्यामुळंच, मॅडम. पंधरा वर्षं शिकवतोय, पण खरं फ्रेंच माणूस समोर आलं नव्हतं. पोरांपुढं माझं चुकलं असतं तर?" मग त्यांनी घसा खाकरला. "पेपरात वाचलं. तुमच्या शाळेत एखादी जागा निघंल का?"

सिल्वीबाई त्यांना काही समजावणार, तेवढ्यात मार्कसाहेब जिना चढण्याऐवजी धावतच आत आले. कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयाने ती बातमी भाषांतर करून फ्रान्सला पाठवली होती, आणि फ्रान्सहून मंजुरी आली होती. शहरात दोन्ही भाषांची शाळा निघते आहे, सबब मुलांना तिथेच घालावं, शिक्षकाचा पगार कंपनी देईल.

"कुठल्या शाळेला मंजुरी आली?" सिल्वीबाईंनी विचारलं.

"तुझ्या."

कारभारी सर तेवढे पहिल्यांदाच हसले. सिल्वीबाई मात्र हसल्या नाहीत. ज्या शाळेचा पत्ताच नाही तिथे मुलांचं नाव घालणं हा खोटेपणा होता, आणि खरं कळवलं तर घर दोन देशांत वाटलं जाणार होतं. "उद्या सकाळी खरं कळवते," त्या शेवटी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. द्वारकाबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला.

सकाळी त्या कंपनीला फोन लावायला बसल्या, तर फाटकाशी पुंजाराम उभा. आप्पासाहेबांच्या गावचा, मेंढरं राखणारा माणूस. गंगापूरहून पहिल्या जीपने आला होता. पाठीशी पाच-सहा वर्षांची नात, डोक्याला तेल चोपडलेली. कुणीतरी त्याला पेपर वाचून दाखवला होता.

"शाळा बघायला आलो," तो म्हणाला. "जादा काय इचारत नाय. पोरगी रडली तर तिला कोण घेतं, तेवढं सांगा."

'इथे शाळा नाही' हे वाक्य सिल्वीबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या आधी स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"मी घेते," द्वारकाबाई म्हणाल्या आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या.

सिल्वीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. आप्पासाहेब काही न विचारता, वर्गाला जागा व्हावी म्हणून शेडमधला ट्रॅक्टर बाहेर काढायला गेले. कारभारी सरांना बोलावणं गेलं. लुईने त्या मुलीला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं, आणि ती एकदाही वळून न बघता त्याच्याबरोबर गेली.

रडायची वेळ आली ती फाटकाशी उभ्या पुंजारामवर, आणि त्याला कोण घेणार हे मात्र कुणीच ठरवलं नव्हतं.