तृप्तीच्या जीपला दृष्ट

तृप्तीने तयार केलेल्या शॉकअपची आज वणीच्या रस्त्यावर परीक्षा होती आणि कंपनीच्या देवरे साहेबांनी परीक्षक म्हणून तिच्या आईलाच जीपमध्ये बसवलं होतं. "इंजिनिअर खोटं बोलतील, कंबर खोटं बोलत नाही," असं त्यांचं म्हणणं. गाडी पास झाली तर तृप्तीचं काम पुढे चालू, नाहीतर आजच बंद.

चतुराबाईंना लेकीचा कोण अभिमान! सातपूरची सगळी कॉलनी त्यांनी सांगून सांगून हैराण केली होती. "पोरीनं तेलात लोखंडाची पूड घातलीय. करंट दिला का तेल घट्ट, बंद केला का पातळ. खड्डा बघून गाडी आपोआप नरम होती."

"पिठल्यासारखं?" शेजारच्या फुलाबाईंनी विचारलं.

"पिठलं घट्ट झालं का बसलं. हे परत पातळ होतं!"

फुलाबाई गप्प झाल्या. ही बाई गप्प बसली म्हणजे दृष्ट लागलीच, हे चतुराबाईंनी ओळखलं. सकाळी जीप दारात आली, तृप्ती आत चहा पीत होती, तेवढ्यात त्यांनी बंपरखालच्या एका काळ्या डबीला लिंबू-मिरची बांधून टाकली.

दिंडोरीपर्यंत रस्ता चांगला होता. मग खड्डे सुरू झाले आणि जीप अशी आदळू लागली की साहेबांचं डोकं दोनदा टपाला लागलं.

"कसं वाटतंय, मावशी?"

"झोक्यात बसल्यावानी!" चतुराबाई कंबर धरून म्हणाल्या.

"हे आई बोलतेय. कंबर काय म्हणतेय?"

तृप्तीचा चेहरा उतरला. तिने गाडी थांबवली, खाली वाकून बघितलं आणि ओरडलीच, "आई! अगं, हा गाडीचा रस्ता बघायचा डोळा आहे! लिंबू समोर नाचतंय, गाडीला वाटतंय सारखा उंचवटा आलाय. भलत्या वेळी तेल घट्ट होतंय!"

चतुराबाई सप्तशृंगीच्या डोंगराकडे बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. "साहेब, पोरीची काय बी चूक नाय. दृष्ट लागू नाय म्हणून म्याच बांधलं. तिचं काम बंद करू नका."

तृप्तीने लिंबू सोडलं, गाडी वळवली आणि त्याच खड्ड्यांतून पुन्हा नेली. सगळ्यात वाईट पट्टा संपल्यावर साहेबांनी मागे वळून विचारलं, "आता कसं वाटतंय, मावशी?"

चतुराबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या.

"पास," साहेब हळूच म्हणाले. "पण तृप्ती, उद्या त्या डोळ्यासमोर फडकं अडकेल, पाचोळा येईल. असल्या गोष्टींना फसायचं नाही, हे गाडीला शिकवावं लागेल. यापुढे प्रत्येक चाचणीला लिंबू हवं."

पुढच्या शनिवारी चतुराबाई इस्त्रीची साडी नेसून जीपमध्ये चढल्या. फुलाबाईंनी दारातूनच विचारलं, "कुठं निघाली गं?"

"ड्यूटीवर. लिंबू बांधायचं काम लय नाजूक असतं बाई, इंजिनिअरला नाय जमत."